सॉफ्टवेअर विकत घेतले, पण मालक कोण?

प्रतिनिधी

पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. वाचून झाल्यावर ते मित्राला द्यावे, ग्रंथालयाला भेट द्यावे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकावे. प्रकाशकाला त्यास हरकत घेता येत नाही. सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. ते संगणकावर बसवताना पडद्यावर एक लांबलचक करारनामा येतो आणि तो न वाचताच आपण 'मान्य आहे'वर टिचकी मारतो. ही विक्री नसून केवळ वापराचा परवाना आहे, असे त्यात बहुधा लिहिलेले असते. या एका वाक्याला कायद्याने किती वजन द्यायचे, याविषयी जगभरातील न्यायालयांचे एकमत नाही.

अमेरिकेचा कौल कंपनीला

अमेरिकेतील 'व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क' हा खटला या वादाचा नमुना म्हणावा लागेल. व्हर्नर नावाच्या विक्रेत्याने सिअ‍ॅटलमधील एका वास्तुरचनाकार संस्थेकडून 'ऑटोकॅड'च्या जुन्या, पण अस्सल प्रती विकत घेतल्या आणि 'ईबे'वर विक्रीस ठेवल्या. ऑटोडेस्कने आक्षेप घेताच २००७ साली त्याने न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मात्र सप्टेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. करारात 'परवाना' हा शब्द असेल, प्रत दुसऱ्याला देण्यावर मोठे निर्बंध असतील आणि वापरावरही लक्षणीय बंधने असतील, तर ग्राहक हा मालक नसून परवानाधारक ठरतो, असे त्या न्यायालयाने म्हटले.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. त्या संस्थेला नवी आवृत्ती ३,७५० डॉलरऐवजी ४९५ डॉलरमध्ये मिळाली होती, ती जुन्या प्रती नष्ट करण्याच्या अटीवर. संस्थेने सवलत घेतली आणि जुन्या प्रतीही विकल्या. पण त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या तिसऱ्या माणसाला ही अट का बांधील असावी, हा प्रश्न उरतोच.

युरोपची वेगळी वाट

युरोपीय संघाच्या न्यायालयाने 'यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल' खटल्यात ३ जुलै २०१२ रोजी नेमकी उलट भूमिका घेतली. पैसे घेऊन बेमुदत वापराचा हक्क दिला असेल, तर करारात काहीही लिहिलेले असो, ती विक्रीच होय. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली प्रतही पुढे विकता येईल, असा तो निकाल होता. विकणाऱ्याने स्वतःकडील प्रत निकामी करावी, एवढीच अट. याच न्यायालयाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांना मात्र ही मुभा नाकारली.

भारतात काय?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा 'माल' असून त्यावर विक्रीकर लागू होतो, असे ठरवले. २ मार्च २०२१ च्या 'इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस' निकालात याच न्यायालयाने स्वामित्वहक्क आणि प्रत यांतील भेद स्पष्ट केला. ग्राहकाला मिळते ती प्रत. स्वामित्वहक्क निर्मात्याकडेच राहतो. दोन्ही वाद कराचे होते, ग्राहकाच्या पुनर्विक्रीच्या हक्काचे नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती नष्ट वा खराब होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करण्याची मुभा मात्र कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात आहे.

चाचेगिरीची दुसरी बाजू

चाचेगिरीविषयी उद्योगाची तक्रार जुनी आहे. 'अल्टेअर' संगणकाच्या मालकांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी आपली 'बेसिक' विकत घेतली, असे बिल गेट्स यांनी १९७६ मध्येच छंदी संगणकप्रेमींना लिहिलेल्या खुल्या पत्रात म्हटले होते. कष्ट करणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे, यात दुमत नाही. भारतीय कायद्याच्या ६३-ब कलमानुसार चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर कैद न देण्याची मोकळीक न्यायालयाला आहे.

परंतु प्रामाणिकपणाची अपेक्षा एकतर्फी असू नये. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या 'किंडल'मधून जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके परस्पर पुसून टाकली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत दिले गेले. तरी विकलेली वस्तू ग्राहकाच्या घरातून न विचारता उचलून नेता येते, हे त्या दिवशी उघड झाले. पुढे कंपनीला माफी मागावी लागली.

कॅलिफोर्निया राज्याने यावर एक साधा उपाय योजला. जानेवारी २०२५ पासून तेथे परवाना देऊन त्याला सरसकट 'खरेदी' म्हणता येत नाही. ग्राहकाला तशी स्पष्ट कल्पना द्यावी लागते. अशी तरतूद आपल्याकडेही व्हायला हवी. चोरी कशाला म्हणायचे हे ग्राहकाला बजावणाऱ्यांनी विक्री कशाला म्हणायचे हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तोवर 'मान्य आहे'वर टिचकी मारण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: परवाना कायमचा आहे की मुदतीचा, आणि तो दुसऱ्याच्या नावे करता येतो की नाही. पैसे मोजून आपल्या हाती नेमके काय आले, हे त्यावरूनच कळते.