शिसपेन्सिलीच्या पापुद्र्यातली वीज

आज बसताना दोन वस्तू जवळ घ्या. एक, मुलांच्या दप्तरातली शिसपेन्सिल. दुसरी, घरातली मच्छरदाणी. विषय विजेचा आहे, पण बिलाचा नाही. तारेतून वीज वाहते म्हणजे आत नक्की काय होतं आणि जगभरचे शास्त्रज्ञ सध्या त्यातलं कोणतं कोडं सोडवतायत, ते आपण समजून घेणार आहोत.

विहिरीवरची मोटार तासभर चालली की तिची वायर गरम लागते, हे आपल्याला माहीत आहे. वीज म्हणजे इलेक्ट्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांची वाहती रांग. तारेतले अणू सतत थरथरत असतात. त्यांना अडखळत, धडपडत इलेक्ट्रॉन पुढे जातात. त्या धडपडीत थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. केंद्रात तयार झालेली वीज आपल्या गावापर्यंत येईतो वाटेतल्या तारांमध्ये अशीच थोडी थोडी हरवत येते.

मग काहीच न हरवता वीज वाहील का? हो, वाहते. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडन गावी कामरलिंग ऑनेस या शास्त्रज्ञाने पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला. तेवढ्या गारठ्यात पाऱ्याने विजेला अडवणंच बंद केलं. याला अतिवाहकता म्हणतात. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात असाच अतिवाहक तारेचा चुंबक असतो, आणि तो गार ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो. ही तपासणी महाग का, याचं एक कारण तिथेही आहे.

असं का घडतं, ते १९५७ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी सांगितलं. फार थंडीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. मंगळागौरीला एकटी बाई गर्दीतून जाताना चार ठिकाणी धक्के खाते, पण फुगडीच्या सगळ्या जोड्यांनी एकच ताल धरला की धक्का लागत नाही. उदाहरण ढोबळ आहे, पण कल्पना तीच.

यात एक अडचण आहे. इलेक्ट्रॉन मुळात एकमेकांना दूर ढकलतात. साध्या धातूत हे ढकलणं मनावर न घेता हिशेब केला तरी जमतो. बाजाराच्या दिवशी रुंद रस्त्यावरून जो तो आपल्या घाईत चालला असेल, तर शेजारून कोण गेलं याने काही बिघडत नाही. पण अरुंद बोळात गर्दी झाली आणि सगळ्यांचा पाय मंदावला, की एकीने पिशवी खाली ठेवली तरी दहाजणी थांबतात. काही पदार्थांत इलेक्ट्रॉनांची अवस्था या बोळातल्यासारखी असते. तिथे एकाचा हिशेब मांडून भागत नाही, सगळ्यांचा एकत्र मांडावा लागतो, आणि तो फार अवघड आहे.

१९८६ साली तांबं आणि ऑक्सिजन असलेले काही पदार्थ सापडले. ते भुकटीच्या, मडक्यासारख्या ठिसूळ रूपातले. लवकरच त्यांतला एक उणे १८० अंशांच्या आसपासच अतिवाहक होतो असं दिसलं. तुम्हा-आम्हाला हा गारठाच, पण शास्त्रज्ञांना ही मोठी ऊब वाटली. त्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांची गर्दी बोळातलीच आहे. त्यांच्या जोड्या कशाने जुळतात, यावर आजही सगळ्यांचं एकमत नाही. ते कळलं तर आणखी कमी थंडीत चालणारा पदार्थ विचारपूर्वक घडवता येईल. आज तो शोधणं बरंचसं चाचपडणंच आहे.

आता शिसपेन्सिल हातात घ्या. हिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ग्राफाइट म्हणजे कोळशाच्या जातीचा कार्बन, खारीसारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा. कागदावर रेघ ओढली की पापुद्रे सुटून चिकटतात. १ मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख पापुद्रे मावतात. २००४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साधी चिकटपट्टी लावून काढत काढत यातला एकच पापुद्रा वेगळा केला. त्याचं नाव ग्राफीन. जाडी फक्त एका अणूची, आणि अणूंची मांडणी मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी. या कामाला २०१० चं नोबेल मिळालं.

आता मच्छरदाणी घ्या. तिची दोन पदरी घडी करा, उजेडाकडे धरा आणि वरचा पदर जरासा फिरवा. बारीक भोकांपेक्षा कितीतरी मोठी, लाटांसारखी नक्षी दिसेल. कमी फिरवलं की नक्षी मोठी होते, जास्त फिरवलं की लहान. ही नक्षी वरच्या जाळीत नाही आणि खालच्याही नाही. दोन्ही एकत्र आल्यावरच ती उमटते.

ग्राफीनचे दोन पापुद्रे एकमेकांवर ठेवून फिरवले तर? २०११ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात राफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडोनल्ड यांनी कागदावर हिशेब केला. उत्तर आलं की साधारण १.१ अंश फिरवलं तर इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ संपेल. घड्याळाचा मिनिटकाटा ११ सेकंदांत जेवढा सरकतो, तेवढंच हे फिरवणं. या कोनाला त्यांनी जादूचा कोन म्हटलं, पण यात जादू काही नाही. इलेक्ट्रॉन मंदावले की त्यांचं एकमेकांना ढकलणंच सर्वांत मोठी गोष्ट ठरते. रुंद रस्त्याचा बोळ होतो.

इतका नेमका कोन जमवायचा कसा? एकाच पापुद्र्याचे फाडून दोन तुकडे करतात. एकाच कापडाचे दोन तुकडे असले की उभा-आडवा धागा आपोआप जुळतो, तसंच हे. मग एक तुकडा तेवढा फिरवून दुसऱ्यावर ठेवतात. अशी नमुन्याची वस्तू आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान असते.

२०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतून पाब्लो हारिओ-हेरेरो, त्यांचा विशीतला विद्यार्थी युआन काओ आणि सहकाऱ्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. नक्षीच्या प्रत्येक घरात सुमारे ११ हजार अणू असतात, पण या मंद इलेक्ट्रॉनांपैकी फक्त ४ जणांची तिथे सोय असते. घरं निम्मी भरली, तेव्हा जुन्या हिशेबाने वीज वाहायला हवी होती. ती थांबली. एसटीच्या बाकावर तिघींची जागा असते, पण दोघी पिशव्या घेऊन ऐसपैस बसल्या की तिसरीला जागा असून नसल्यासारखी. इथेही प्रत्येक इलेक्ट्रॉन शेजारच्या घरातून परत ढकलला जात होता, म्हणून कुणीच हलेना.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. इलेक्ट्रॉनांची संख्या तिथून थोडी बदलली आणि उणे २७१ अंशांच्या आसपास थंड केलं, तेव्हा तीच वस्तू अतिवाहक झाली. आडमुठेपणाच्या अगदी शेजारी अतिवाहकता, हे चित्र तांब्याच्या त्या पदार्थांसारखंच आहे. फरक इतकाच की तिथे इलेक्ट्रॉन कमी-जास्त करायला दरवेळी नवा पदार्थ भाजून बनवावा लागतो. इथे पंख्याच्या रेग्युलेटरसारखा विजेचा दाब फिरवला की झालं. एकाच तुकड्यावर सगळे प्रयोग. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा याच्या मागे लागल्या. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही असे फिरवलेले थर तयार करून अभ्यास चालतो.

अशा पातळ थरांत आणखीही एक नवल दिसलं. तारेवर साळुंक्या बसतात तेव्हा एकमेकींपासून सारखं अंतर ठेवतात. फार थोडे इलेक्ट्रॉन असले तर तेही असेच अंतर ठेवून स्थिर बसतील, असं युजीन विग्नर यांनी १९३४ साली म्हटलं होतं. २०२४ साली प्रिन्स्टन विद्यापीठात ग्राफीनच्या दोन थरांत ही मांडणी थेट टिपली गेली. मधे ९० वर्षं गेली.

या गोष्टीत एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस. जन्म १९३०, न्यूयॉर्कमधल्या गरीब घरातला. शाळेत शिक्षिका व्हायचं, एवढाच तिचा विचार होता. कॉलेजात रोझलिन यालो या बाईंनी तिला भौतिकशास्त्राकडे वळवलं. पुढे यालोबाईंना स्वतःला वैद्यकाचं नोबेल मिळालं. मिल्ड्रेड चार मुलांची आई झाली. ग्राफाइटकडे तेव्हा फारसं कुणी बघत नव्हतं आणि तोच विषय तिने धरला. गर्दी नसलेल्या विषयात मूल आजारी पडून दिवस बुडाला तरी कुणी पुढे निघून जात नाही, हा तिचा साधा हिशेब होता. पन्नासेक वर्षं ती कार्बनमागे लागली. एमआयटीतलं सर्वोच्च प्राध्यापकपद मिळवणारी ती पहिली स्त्री. २०१७ साली ती गेली आणि पुढच्याच वर्षी तिच्याच संस्थेत हा शोध लागला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. याचा आपल्याला उपयोग काय? खरं सांगायचं तर आज काही नाही. उणे २७१ अंशांची तार आपल्या शेतात येणार नाही, आणि ग्राफीनची ही जोडी कधी विजेची तार होईल असं शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. हा पाठ गिरवायची पाटी आहे. पाटीवर शिकलेलं दुसऱ्या पदार्थांत वापरायचं आहे.

म्हणून कुणी मोठा दावा केला की जरा थांबा. २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातून बातमी आली की घरच्या तापमानाला अतिवाहक होणारा पदार्थ सापडला. मोबाइलवर ती जगभर फिरली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ स्वतः बनवून पाहिला. काही आठवड्यांतच कळलं की तो अतिवाहक नाही. दुसऱ्यांनी करून पाहिल्यावरही तेच निघतं का, हा प्रश्न आपण बियाणं घेताना विचारतो, गटाचं कर्ज काढताना विचारतो. विज्ञानातही खरं-खोटं याच प्रश्नाने ठरतं. उद्या वस्तूवर नुसतं ग्राफीन लिहून कुणी दुप्पट भाव सांगितला, तर त्यालाही हेच विचारा.

येत्या बैठकीला मच्छरदाणी घेऊन जा. मुलींना घडी फिरवायला द्या, नक्षी लहान-मोठी का होते ते त्यांनाच शोधू द्या, आणि त्यांना काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा.