निळ्या धुराचे निदान

जुन्या गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, की ‘इंजिनकाम निघाले’ असे हमखास सांगितले जाते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, एवढे खरे. पण ते सिलिंडरमध्ये मुख्यतः दोन वाटांनी शिरते. पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली असेल तर खालून; व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची सील कडक झाली असतील तर वरून. पहिल्या दोषासाठी इंजिन पूर्ण खोलावे लागते, तर दुसरा अनेक गाड्यांत हेडही न उतरवता दूर होतो. खर्चातला फरक मोठा असल्याने खोलण्याआधीची तपासणी महत्त्वाची.

पहिली चाचणी कॉम्प्रेशनची. गरम इंजिनाचे सगळे स्पार्क प्लग काढतात, इंधन व ठिणगी बंद करतात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो साधारण १० ते १३ बार असतो. मात्र आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरकही बोलका असतो. समजा, तीन सिलिंडरांत १२ बार आणि चौथ्यात ८ बार दाब मिळाला. मग चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. दाब वाढला तर दोष रिंगांचा वा सिलिंडरचा. न वाढल्यास संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर.

दुसरी चाचणी गळतीची. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि कान देतात. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट गेले आहे किंवा तडा आहे.

ऑइलही बरेच सांगते. दुधाळ रंग म्हणजे त्यात पाणी मिसळले असावे. तांबूस चमकते कण म्हणजे बेअरिंगचा वरचा थर झिजला असावा.

तरीही इंजिन खोलावे लागलेच, तर डोळ्यांवर विसंबू नये. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांत मोजतात. तो लंबगोल झाला आहे का, वरच्या बाजूला जास्त झिजला आहे का, हे त्यातून कळते. इथे मिलिमीटरचा दहावा भागही फार असतो. झीज कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल, तर बोअर न वाढवता नव्या रिंगांवर काम भागू शकते.

म्हणून इंजिनकामाला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा दाब कागदावर लिहून मागावा. दाब सगळीकडे सारखा आणि पुरेसा असेल, तर धुराचे कारण आधी व्हॉल्व्हच्या सीलमध्ये शोधायला सांगावे.