धामच्या दगडावरचा गॉम्फोनीमा कसा ओळखायचा?

पवनारला धाम नदीत उतरलं की पाण्याखालच्या दगडावरून पाय सटकतो. तो बुळबुळीत तपकिरी थर आपण शेवाळ म्हणून सोडून देतो. त्यात भरपूर डायटम असतात, म्हणजे सिलिकाच्या कवचातले एकपेशीय जीव. फ्यूकोझँथिन या रंगद्रव्याने त्यांचा हिरवा रंग झाकला जातो. गॉम्फोनीमा हा त्या डायटमांपैकीच एक.

जुन्या टूथब्रशने दगड घासा, थेंबभर पाणी स्लाइडवर घ्या, ४०० पटीला बघा.

🔎 गॉम्फोनीमा: एक टोक रुंद, दुसरं निमुळतं. डावी-उजवी बाजू मात्र सारखी. कुशीवर पडला तर पाचरीसारखा दिसतो.
🔎 सिम्बेला: उलटा प्रकार. टोकं सारखी, पण एक बाजू फुगीर, दुसरी जवळपास सपाट.
🔎 नॅव्हिक्युला: दोन्ही अंगांनी सारखा.

गॉम्फोनीमा निमुळत्या टोकातून चिकट देठ काढून दगडाला, पाणवनस्पतींना धरून राहतो. म्हणून तो वाहत्या पाण्यातही टिकतो. घासताना देठ तुटतो, त्यामुळे स्लाइडवर बरेचदा सुटाच दिसतो.

तो सापडला म्हणजे पाणी स्वच्छ, असं समजू नका. गॉम्फोनीमा पार्व्ह्युलम ही जात सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातही तग धरते. जात ठरवायला कवच ॲसिडने साफ करून १००० पटीला रेषा मोजाव्या लागतात. ते काम लॅबमध्येच करा, घरी नको. संदर्भाला सरोदे-कामत यांचं १९८४चं ‘फ्रेशवॉटर डायटम्स ऑफ महाराष्ट्र’ आहे.

बोर, वणा, वर्धा नदीकाठच्या मंडळींनो, फोटो टाका. नमुना दगडावरचा की पाणवनस्पतीवरचा, पाणी वाहतं की साचलेलं, हेही लिहा.