‘नेक्रोमन्सी’ : एका शब्दाची वाट

‘नेक्रोमन्सी’ हा इंग्रजी शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे मसणवट, अमावास्येची रात्र आणि राख फासलेला मांत्रिक उभा राहतो. ‘काळी जादू’ एवढा अर्थ सांगून आपण मोकळे होतो. मूळ शब्दाचा अर्थ मात्र निराळा आहे, आणि तो फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

शब्द ग्रीक आहे. ‘नेक्रॉस’ म्हणजे मृत माणूस आणि ‘मान्तेइआ’ म्हणजे भविष्यकथन. कोकणात देवाला कौल लावतात, तसा मेलेल्याला लावलेला कौल, असे म्हटले तर अर्थ नीट ध्यानात येईल. कोणाचे वाईट करणे त्यात अभिप्रेत नाही. होमरच्या ‘ओडिसी’च्या ११व्या सर्गात ओडिसियस खड्डा खणतो, मध-दूध, मद्य व पाणी ओततो, मेंढ्यांचे रक्त सांडतो. ते प्राशन करून टायरिसियस या द्रष्ट्याचा आत्मा त्याला घरच्या वाटेवरील संकटे सांगतो. विचारणारा येथे केवळ अडलेला माणूस आहे.

हिरोडोटसने सांगितलेली कथा मात्र विचार करायला लावते. कॉरिंथचा सत्ताधीश पेरिअँडर याला कोणाची तरी ठेव कोठे आहे ते हवे होते. त्याने आकेरॉन नदीकाठच्या मृतांच्या कौलस्थानी माणसे धाडली. त्याच्याच हातून मेलेली पत्नी मेलिसा प्रकटली व म्हणाली, ‘सांगणार नाही; माझी वस्त्रे पुरली, जाळली नाहीत, मी उघडी कुडकुडते आहे.’ तेव्हा पेरिअँडरने नगरातील स्त्रियांना देवळापाशी बोलावून त्यांची वस्त्रे उतरवली व जाळली. मग ठेवीचा पत्ता लागला! प्रश्न एकाचा, उत्तर मृताचे. किंमत मोजली ती जिवंत बायकांनी.

पुढे मध्ययुगीन लॅटिनमध्ये गंमत झाली. ‘नेक्रो’च्या जागी लोक ‘निग्रो’ म्हणू लागले. लॅटिनमध्ये ‘निगेर’ म्हणजे काळा. म्हणून ‘निग्रोमान्तिया’ म्हणजे काळी विद्या! पंडितांनी कालांतराने मूळ रूप परत आणले, पण शब्दाला लागलेले काजळ पुसले गेले नाही.

आता मराठीकडे वळू. करणी, चेटूक, भानामती हे आपले शब्द मुख्यतः बाधेचे आहेत. मृतास विचारण्याचे नव्हेत. त्या अर्थाला आपल्याकडे जवळचे म्हणजे प्लँचेट. पाटावर वाटी उपडी घालून बोटे टेकायची व गेलेल्या माणसाला बोलवायचे, हे पुष्कळांनी केले किंवा पाहिले असेल. १८५३ साली मायकेल फॅरेडेने अशाच फिरणाऱ्या टेबलांची परीक्षा केली. हात आणि टेबल यांमध्ये सरकणारे तक्ते व दर्शक काटा बसवून त्याने दाखवले की, ढकलणारे हातच असतात. ढकलणाऱ्याला मात्र त्याची जाणीव नसते. म्हणजे बोटे टेकणारा लबाडच असतो असे नव्हे. आईच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुलगा आपलेच उत्तर तिचे म्हणून वाचतो.

तेव्हा ‘नेक्रोमन्सी’चे भाषांतर ‘करणी’ करणे आम्हांला घातक वाटते. मृताला प्रश्न विचारणाऱ्याची आपण समजूत काढू शकतो. पण ‘करणी’ म्हटले की लगेच ‘कोणी केली?’ हा प्रश्न येतो, आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळते. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने हे ओळखले आहे. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यात गुन्हा असून, शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आहे.

‘प्रेतप्रश्न’ किंवा ‘मृतांचा कौल’ असा साधा शब्द आपण वापरावा, असे आम्ही सुचवतो. घरात कोणी गेल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्या शोकाला जागा असावी. पण त्यापायी शेजारणीवर आळ येऊ नये.