जुने खोके, नवा संगणक

अनेक शाळांच्या अडगळीच्या खोलीत 1990च्या दशकातला एखादा संगणक धूळ खात पडलेला असतो. आतले भाग कालबाह्य झालेले असतात, पण बाहेरचे पत्र्याचे कॅबिनेट मात्र धडधाकट असते. ते भंगारात देण्याऐवजी त्यात आजचा मदरबोर्ड बसवता येईल का? आम्ही असे एक कॅबिनेट घेऊन प्रयत्न केला. काम पत्रा कापण्याचे वाटले होते. प्रत्यक्षात मोजमाप, वीज आणि उष्णता या तिन्ही धड्यांची उजळणी झाली.

भोकांचे गणित

1995मध्ये इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ हे मानक मांडले. त्यात बोर्डाचे माप (305 × 244 मिमी), स्क्रूच्या भोकांच्या जागा आणि जोडण्यांसाठी मागे असणारी खिडकी हे सारे ठरवून दिले. पुढे 2001मध्ये व्हीआयए कंपनीने 170 मिमी चौरसाचा ‘मिनी-आयटीएक्स’ बोर्ड आणला. त्याची चारही भोके एटीएक्सच्या भोकांशी जुळतात. म्हणून एटीएक्स कॅबिनेट कितीही जुने असले, तरी हा बोर्ड त्यात सहज बसतो.

आमचे कॅबिनेट मात्र त्याआधीच्या ‘एटी’ पद्धतीचे होते. सगळी भोके जुळत नव्हती आणि मागची खिडकीही नव्हती. मग बोर्ड नेमका कोठे ठेवायचा? येथे एक जुने माप मदतीला आले. कार्डांसाठी मागे ज्या फटी असतात त्यांतील अंतर एटीमध्ये 20.32 मिमी होते. एटीएक्समध्येही तेच राहिले. म्हणून बोर्डात एक कार्ड बसवले आणि त्याची पत्र्याची पट्टी मागच्या फटीशी जुळवली. बोर्डाची जागा आपोआप ठरली! भोकांच्या खुणा केल्या, 158.75 × 44.45 मिमीची खिडकी आखली, बोर्ड बाहेर काढला आणि मगच ड्रिल चालवले. लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट सर्किट होते. कापलेल्या कडा कानशीने घासणेही आवश्यक आहे, नाहीतर त्या बोटे कापतात.

एवढे करूनही पहिल्या वेळी संगणक सुरू झाला नाही. शोध घेता, जुन्या बोर्डाचा एक पितळी स्टँडऑफ आम्ही खाली तसाच ठेवला होता, असे दिसले. तो नव्या बोर्डाच्या मागील डागांना टेकत होता. तो काढताच संगणक सुरू झाला. बोर्डाला जेथे भोक आहे, तेथेच स्टँडऑफ हवा.

धोक्याचे बटण

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बऱ्याच एटी कॅबिनेटांत समोरच्या बटणापर्यंत चार जाड वायरी येतात. त्यांतून घरातली 230 व्होल्टची वीज खेळते. एटीएक्समध्ये मात्र समोरचे बटण बोर्डाला केवळ कमी व्होल्टचा इशारा देते. पुरवठा चालू-बंद करण्याचे काम एसएमपीएस करतो. म्हणून जुना एसएमपीएस, त्याचे बटण आणि वायरी पूर्णपणे काढून टाकाव्यात. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. तिच्यातील कपॅसिटर 230 च्या √2 पट, म्हणजे सुमारे 325 व्होल्टपर्यंत भारित होतात आणि प्लग काढल्यावरही हा भार काही काळ टिकू शकतो.

जुने बटण नव्या बोर्डाला का जोडू नये? ते दाबले की दाबलेलेच राहते. एटीएक्स संगणकात बटण चारएक सेकंद दाबून धरले, तर संगणक बंद होतो. यावर सोपा उपाय म्हणजे शेजारचे ‘रीसेट’ बटण. ते सोडताच परत वर येते. त्याच्या दोन वायरी बोर्डाच्या पॉवर बटणाच्या पिनांना जोडल्या की काम झाले.

हवा किती लागेल?

समजा, आतील भाग 100 वॅट उष्णता बाहेर टाकतात आणि हवेचे तापमान 10 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही. एक किलो हवा एक अंशाने तापवायला सुमारे 1000 ज्यूल लागतात. म्हणजे दर सेकंदाला 100 ÷ (1000 × 10) = 0.01 किलो, अर्थात साधारण साडेआठ लिटर हवा हवी.

आता पत्र्याला 5 मिमी व्यासाची दहा भोके पाडली, तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ जेमतेम 2 चौ. सेमी भरते. एवढी हवा त्यांतून जायची, तर तिचा वेग ताशी दीडशे किलोमीटर हवा; हे तर वादळच झाले! लहान पंख्याला ते जमणार नाही. उलट 80 मिमी व्यासाच्या गोल छिद्रातून तीच हवा ताशी सहा किलोमीटरने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते. आम्ही असे एक छिद्र समोर खाली आणि एक मागे वर कापले, मागे पंखा बसवला व दोन्हींवर जाळी लावली. गरम हवा वर जाते, म्हणून ही रचना.

शेवटची तपासणी

प्लग भिंतीतून काढून, त्याची अर्थ पिन आणि कॅबिनेटचा उघडा पत्रा यांतील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो जवळपास शून्य यायला हवा. रंग विद्युतरोधक असतो, म्हणून एसएमपीएसच्या स्क्रूखालचा रंग खरवडावा. ही तपासणी झाल्याशिवाय संगणक मुलांच्या हाती देऊ नये.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून मोजमाप, खुणा आणि हवेचे गणित करून घ्यावे; ड्रिल आणि विजेच्या जोडण्या शिक्षकांनी स्वतः हाताळाव्यात. रोज वापरल्या जाणाऱ्या खोक्यात किती विज्ञान दडले आहे, हे मुलांना तेव्हा खऱ्या अर्थाने कळेल.