‘हाअझीनू’ गीतांतील प्रतिमा व त्याची लेखनपद्धति

कांहीं वर्षांपूर्वीं एका खासगी संग्रहांत इब्री लिपींतील एक चर्मपत्र माझ्या पाहण्यांत आलें. मजकूर दोन उभ्या रकान्यांत असून मधली जागा कोरी होती. संग्राहकांनीं त्यावर ‘व्यापाऱ्याचा जमाखर्च’ अशी चिठ्ठी लाविली होती. आणि इब्री अक्षरांची ओळख नसतां मींही मान डोलविली. पुढें तें तोरेंतील ‘हाअझीनू’ गीत असल्याचें कळलें. चुकींत माझाही वांटा असल्यानें हें टिपण लिहिणें प्राप्त झालें.

यहुदी लोक तोरेचे, म्हणजे मोशेच्या पांच ग्रंथांचे, साप्ताहिक पाठ पाडून वर्षभरांत तिचें वाचन पुरें करितात. प्रत्येक पाठास ‘परशा’ म्हणतात. पांचव्या ग्रंथाचा ३२ वा अध्याय ही अशीच एक परशा. ‘कान द्या’ या अर्थाच्या आद्य शब्दावरून तिचें नांव पडलें. मृत्यु समीप आला असतां मोशे हें गीत लोकांस ऐकवितो, आणि पुढें लोक बहकले तर त्यांच्याविरुद्ध हेंच गीत साक्षी व्हावें म्हणून तें लिहून ठेवण्याची आज्ञा आदल्या अध्यायांत आहे.

आरंभीं उपदेशास पाऊस व दंव यांची उपमा दिली आहे. तिश्री महिन्यांत, पॅलेस्टाइनचा दीर्घ कोरडा उन्हाळा सरत असतां, ही परशा वाचतात. आपल्याकडे त्या सुमारास पाऊस परतीस लागतो, म्हणून त्या उपमेंतील तहान आपणांस सहसा जाणवत नाहीं. पुढें पिलांवर घिरट्या घालणारा गरुड येतो. तेथील क्रियापद उत्पत्तीच्या आरंभीं जलावर तरंगणाऱ्या देवाच्या आत्म्यास लाविलेलेंच आहे.

परंतु गीताचा खरा आधार ‘त्सूर’ म्हणजे खडक हा शब्द होय. तो आठ वेळां येतो. एकदां तो साधा गारगोटीचा खडक आहे, ज्यांतून तेल निघतें. पांच वेळां तो ईश्वर आहे, आणि दोन वेळां परक्यांचा दुबळा देव. अठराव्या वचनांत तर हा खडक लोकांस जन्म देतो, प्रसूतीच्या वेणाही सोसतो. आपले आलंकारिक यास रूपक म्हणतील. पण अचल पाषाणास मातृत्व देण्याचें हें धाडस केवळ रूपकानें उलगडत नाहीं. ग्रीक भाषांतरकारांनीं ईश्वरवाचक खडकाच्या जागीं सरळ ‘देव’ शब्द घातला, आणि प्रतिमा पुसून टाकिली. मला ही त्यांची भीरुता वाटते.

आतां रकान्यांविषयीं. समुद्रोल्लंघनाचें गीत वीटबंदीच्या भिंतीसारखें, सांध्यावर सांधा न येईल असें लिहितात. हाअझीनूचे अर्धचरण मात्र एकाखालीं एक रचून दोन सुटे स्तंभ उभे करितात. हामानाच्या पुत्रांचीं नांवें याच रीतीनें लिहिण्याचें कारण तलमुदांत दिलें आहे तें असें कीं, अशी भिंत ढांसळल्यास पुन्हां उभी राहूं नये. तें कारण या गीतास लावणें मला पटत नाहीं. गीत आकाश व पृथ्वी यांस हांक मारून सुरू होतें. मोशेच्या नियमशास्त्रांत दोन साक्षींवांचून दोष सिद्ध होत नाहीं. दोन स्तंभ हे ते दोन साक्षी असावेत, हें माझें अनुमान आहे, प्रमाण नव्हे.

मात्र हें गीत अर्वाचीन काळीं एका प्रसिद्ध पोथीपुरतें साक्षी झालें, हें निश्चित. सुमारें ९३० सालच्या अलेप्पोच्या पोथीस १९४७ च्या दंगलींत मोठी हानि पोहोंचली. तोरेचा बहुतेक भाग गेला, पण हें गीत वांचलें. तीच पोथी मायमॉनिडीसनें प्रमाण मानिली काय, हा वाद होता. मायमॉनिडीसच्या छापील ग्रंथांत या गीताच्या ७० ओळी सांगितल्या आहेत, पोथींत ६७. मोशे गोशेन-गॉटस्टाइन यांनीं १९६० सालीं दाखविलें कीं त्याच्या जुन्या हस्तलिखितांतील पाठ ६७ हाच होय. येमेनी लेखकांनीं ६७ ओळींची रीत राखिली, इतरत्र बहुधा ७० आढळतात.

मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर मुंबईस १७९६ सालीं झालें. तेव्हां अशीं चर्मपत्रें आपल्या प्रांतांत सांपडणें अशक्य नाहीं. वर सांगितलेल्या पत्रावर गीताचा पूर्वार्धच आहे. पुढील पत्र शिवणीपाशीं कापलेलें असल्यानें ओळींची गणना होत नाहीं. दोन रकान्यांचें असें सुटें इब्री पत्र कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यांनीं त्याच्या ओळी मोजून, त्याची उंची व शिवणीचीं भोकें यांसह, कळविण्याची कृपा करावी.