चाळ का खंगली?

मुंबईतल्या गिरगाव, लालबाग, परळ, डिलाईल रोड इथल्या जुन्या चाळी बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला उभ्या राहिल्या. लालबाग-परळच्या गिरणगावात खोल्यांना मागणी होती ती गिरणी कामगारांची. भोंगा झाला की चालत कामावर पोहोचता येईल, एवढ्याच अंतरावर बिऱ्हाड हवे असे. एक खोली, कोपऱ्यात मोरी, पुढे सामाईक गॅलरी आणि टोकाला शौचालय. सुरुवातीला बायकामुले गावीच असत. एकाच खोलीत गाववाले पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. पुढे संसार आले आणि खोलीत पोटमाळा चढला. सरकारनेही १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची.

चाळींचे पुढचे भवितव्य ठरवले ते भाड्याने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधार धरून दर गोठवले. भाडेकरूचे छप्पर टिकले, हे या कायद्याचे मोठेच श्रेय. पण तेवढ्या भाड्यात प्लॅस्टरचा खर्चही निघेना, म्हणून मालकाने हात आखडता घेतला. खोल्या मग पागडीवर, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी पैसे घेऊन, फिरू लागल्या. पागडीची रक्कम तोंडी ठरे, पावती मात्र जुन्याच भाड्याची. १९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा ठेवली. अगदी थोड्या भाड्यावर चार टक्के म्हणजे किती, हे सांगायला नको.

इकडे मोरीचे पाणी वर्षानुवर्षे लाकडी तुळयांत मुरत राहिले. तुळईचे टोक भिंतीत कुजते, वरून रंग मात्र शाबूत दिसतो. त्यामुळे धोका कळतो तो टेकू लावायची वेळ आल्यावर. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाकडे दिले. एकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याच्या कक्षेत आल्या, पण अनेक ठिकाणी दुरुस्ती टेकूंपुरतीच राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि परिसराचा कणाच मोडला. गिरण्यांबरोबर खानावळी ओस पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या केल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. जमीन महागली तशी पडकी चाळ विकासकाला सोन्याची वाटू लागली.

उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकीने मिळते, बीडीडी चाळींत ५०० चौरस फुटांचे. वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. मात्र विकासकाने बांधलेल्या टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा मेंटेनन्स दरमहा भरावा लागतो आणि तो जुन्या भाड्याच्या कित्येक पट असतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी रहिवाशांनी हा आकडा विकासकाकडून लेखी मागून घ्यावा.